कोयना ते किल्लारी : अर्धाच वाचलेला धडा

भूकंप म्हटला की भूगोलाच्या वर्गात फार काळ बोट हिमालयावर, आसामवर नाही तर जपानवर ठेवले जाई. दख्खनचे पठार या चर्चेत येतच नसे. ज्वालामुखीच्या लाव्हाचे थरावर थर गोठून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झालेला हा काळा पाषाण, त्याखाली त्याहूनही पुरातन ग्रॅनाइट, आणि जवळपास दोन भूपट्टांची सीमा नाही. अशी भूमी हलणार कशाला? हा समज अडाण्यांचा नव्हता. अभियंते, नियोजनकार आणि नकाशे करणारे तज्ज्ञही त्याच समजावर विसंबून होते. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेने त्याला तडा दिला आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीने तो मोडून टाकला. या दोन तारखांच्या मधली २६ वर्षे महाराष्ट्राच्या इतिहासात फारशी चर्चिली जात नाहीत, पण किल्लारीच्या संहाराचे कारण शोधायचे तर ते याच वर्षांत शोधावे लागते. कोयनेने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पठार हलू शकते, ही पहिली; आणि ते हलले की माणसे मरतात ती घरे पडल्यामुळे, ही दुसरी. पहिली गोष्ट आपण धरणाच्या परिसरापुरती ऐकली, दुसरी जवळजवळ ऐकलीच नाही.

मुळात ‘स्थिर’ भूमीला धक्का बसतो कसा, हे आधी पाहायला हवे. भारतीय भूपट्ट वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे सरकतो आहे आणि आशियाच्या भूपट्टावर आदळून अडला आहे. त्या टकरीतून हिमालय उभा राहिला, पण टकरीचा दाब काही हिमालयाच्या पायथ्याशी संपत नाही. तो संपूर्ण भूपट्टातून मागे, दक्षिणेपर्यंत पसरतो. पठाराखालच्या जुन्या खडकांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या भेगा आहेत. वरच्या बेसाल्टने त्या झाकल्या, बुजवल्या मात्र नाहीत. अशा भेगेवर दाब साचत जातो आणि खडकाच्या सहनशक्तीपलीकडे गेला की भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून क्षणात सरकतात. जिथे हे घडते ती भूकंपनाभी आणि तिच्या थेट वर भूपृष्ठावर असते ते अपिकेंद्र. हिमालयात हा दाब लवकर साचतो, म्हणून भूकंप वारंवार होतात. पठारावर तो इतका सावकाश साचतो की दोन मोठ्या धक्क्यांमध्ये माणसांच्या असंख्य पिढ्या निघून जातात. परिणामी आठवण उरत नाही, आणि आठवण नसणे म्हणजेच धोका नसणे असे गृहीत धरले जाते.

सातारा जिल्ह्यात कोयना नदीवर १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि १९६२च्या सुमारास त्यात पाणी साठू लागले. नव्या महाराष्ट्राच्या उद्योगांना वीज पुरवणारा हा प्रकल्प होता. पाणी चढू लागले तसे परिसरात बारीक धक्के जाणवू लागले. १९६७च्या सप्टेंबरात एक बऱ्यापैकी मोठा धक्का बसला. मग ११ डिसेंबरच्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगरातील बहुसंख्य घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. १८०च्या आसपास माणसे दगावली, दोन हजारांवर जखमी झाली. मुंबईपर्यंत लोक जागे झाले आणि वीजपुरवठा तुटल्याने तिथले कारखाने ठप्प झाले. धरणाच्या माथ्याकडच्या भागाला भेगा पडल्या. धरणाचा आराखडा करताना भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या पाच टक्के इतकाच गृहीत धरला होता; धरणातल्याच यंत्राने नोंदवलेला कमाल जोर ६३ टक्के निघाला. तरीही धरण टिकले.

या भूकंपानंतर जे काम झाले ते कमी मोलाचे नव्हते. धरणाला बाहेरून काँक्रीटचे भक्कम टेकू देण्यात आले. जलाशयातले पाणी खालच्या भेगांमध्ये झिरपते, खडकातल्या पाण्याचा दाब वाढवते आणि आधीच ताणलेल्या भेगेला सरकायला निमित्त देते, या प्रक्रियेच्या अभ्यासात कोयना जगभर प्रमाण मानली जाऊ लागली. जलाशयामुळे चेतवल्या गेलेल्या भूकंपांतला हा आजवरचा सर्वांत मोठा समजतात. पुढे वारणेच्या जलाशयाच्या बाजूलाही धक्के सुरू झाले. आता कराडच्या प्रयोगशाळेमार्फत त्या परिसरात तीन किलोमीटर खोल वेधनछिद्र घेऊन खडकाचा अभ्यास केला जातो. १९७०मध्ये देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशाही बदलला आणि कोयनेचा परिसर धोक्याच्या चौथ्या क्षेत्रात गेला. पण या यशातच एक खोट होती. भूकंपाला ‘धरणाचा भूकंप’ हे नाव पडले आणि जिथे मोठे धरण नाही तिथे चिंता नाही, असा उलटा अर्थ आपोआप निघाला. वस्तुतः पाणी फक्त निमित्त होते. मोडणारा दाब भूपट्टाचा होता आणि तो दाब पठारभर होता. कोयनेपासून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर पूर्वेला असलेला, किल्लारी ज्यात येते तो लातूरचा परिसर मात्र नकाशात पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रातच राहिला. आणि कोयनेच्या खेड्यांत दगडमातीच्या भिंतींनी काय केले, हा प्रश्न अहवालांतून गवंड्यांपर्यंत पोहोचला नाही.

तेरणा नदीच्या खोऱ्यातली, औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावे तेव्हा कशी होती, ते नीट पाहिल्याशिवाय पुढचे कळणार नाही. काळ्या मातीचा सुपीक पट्टा, आणि जमीन वाया जाऊ नये म्हणून एकमेकांना खेटून बांधलेली गावठाणे. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या भिंतींमध्ये जेमतेम बैलगाडी मावावी. घरे माळवदाची. दोन-तीन फूट जाडीची दगडी भिंत. तिच्या बाहेरच्या आणि आतल्या अंगाला निवडलेले दगड, मध्ये भरीला लहानमोठे गोटे आणि चिखल. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. मराठवाड्याच्या चाळीस अंशांपुढच्या उन्हाळ्यात हे घर गार राहते, थंडीत ऊब धरते, चोरापासून सुरक्षित असते आणि लागणारा सगळा माल गावातच मिळतो. पावसाळ्याआधी छप्पर गळू नये म्हणून मातीचा नवा थर पसरायचा, ही रीत. दर वर्षी थोडी माती चढत गेली की काही दशकांत छप्पर किती जड होते, याचा हिशेब करता येतो. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीवर दीड फूट माती असेल तर ती १५० घनफूट होते. तिचे वजन सहा-सात टन भरते, आणि पावसाने भिजल्यावर त्याहून अधिक. हवामानाच्या कसोटीवर शतकानुशतके उतरलेले हे घर भूकंपाच्या कसोटीला कधी बसलेच नव्हते.

१९९२च्या पावसाळ्याअखेरीस किल्लारी परिसरात जमीन गडगडू लागली. १८ ऑक्टोबर १९९२चा धक्का त्यांतला मोठा होता. काही घरांना तडे गेले आणि पुढच्या काही आठवड्यांत शंभराहून अधिक लहान धक्के लोकांना जाणवले. भयभीत झालेल्या गावांना धीर देताना आधार होता तो नकाशाचाच : हा भाग कमी धोक्याचा आहे. इथे आजच्या माहितीच्या बळावर तेव्हाच्या लोकांना दोष देणे सोपे आहे. लहान धक्क्यांच्या बहुतेक मालिका मोठ्या भूकंपाविनाच विरून जातात आणि कोणती मालिका कशाची नांदी आहे हे आजही कोणाला आधी सांगता येत नाही. पण भूकंपाचे भाकीत करता न येणे आणि घर तपासता न येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तारीख सांगणे अशक्य होते, मात्र तडा गेलेली भिंत डोळ्यांसमोर होती.

२९ सप्टेंबर १९९३ला अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धक्का बसला. वेगवेगळ्या संस्थांच्या मोजणीनुसार त्याची तीव्रता ६.२ ते ६.४ होती. नाभी उथळ होती, काही किलोमीटरच खोल. किल्लारीजवळ तर भेग भूपृष्ठापर्यंत आली आणि शेतातली जमीन एका बाजूला उचलली गेली. नंतर घेतलेल्या वेधनछिद्रात दिसले की इथे बेसाल्टचा थर ३३८ मीटर जाडीचाच आहे. त्याखाली लगेच ते प्राचीन खडक लागतात. भूकंपाच्या प्राथमिक लहरी आधी पोहोचतात, जमिनीला ढकलून जातात. त्यांच्या मागून येणाऱ्या दुय्यम लहरी तिला आडवे हेलकावे देतात आणि खरी मोडतोड करतात. अपिकेंद्राच्या इतक्या जवळ या दोहोंमध्ये अंतर पडते ते सेकंद-दोन सेकंदांचे. गाढ झोपेतल्या माणसाला तेवढ्या वेळात उठून दारही गाठता येत नाही. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यातली किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव अशी ५२ गावे जमीनदोस्त झाली. सुमारे ३० हजार घरे कोसळली. सरकारी आकड्यानुसार आठ हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. इतर काही गणनांत हा आकडा दहा हजारांजवळ जातो.

ही माणसे जमीन दुभंगून तिच्यात गेली नाहीत. ती घरात गाडली गेली. भिंतीची बाहेरची आणि आतली बाजू परस्परांना सांधणारे, आरपार जाणारे दगड नव्हते. कोपऱ्यांत दोन भिंती एकमेकींत गुंतलेल्या नव्हत्या. आडव्या हेलकाव्याने मधली भर खाली बसली, दोन्ही बाजू फुगून वेगळ्या झाल्या, आणि वरची टनावारी माती तुळयांसह आत आली. कोरड्या मातीचा तो ढीग श्वासालाही जागा ठेवत नाही. त्याच गावांत काही घरांचे छप्पर मात्र भिंतींवर न टेकता लाकडी खांबांच्या चौकटीवर उभे होते. तिथे भिंती ढासळल्या तरी छप्पर बऱ्याचदा वरच राहिले. आणि गावकुसाकडच्या कुडाच्या, गवताने किंवा पत्र्याने शाकारलेल्या झोपड्या बहुधा उभ्याच राहिल्या. एकच भूकंप, एकच जमीन, एकच वेळ. फरक फक्त बांधणीचा. प्रयोगशाळेत मुद्दाम मांडावा तसा हा पुरावा होता.

यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला वेळेचा : भरदिवसा, लोक शेतात असताना धक्का बसता तर इतके बळी गेले नसते. हे खरेच आहे. पण वेळ हे पूर्ण स्पष्टीकरण नव्हे. अवघ्या साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, कॅलिफोर्नियातील नॉर्थरिज येथे पहाटे ४ वाजून ३१ मिनिटांनी ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. तीव्रतेत एका अंकाचा फरक म्हणजे ऊर्जेत सुमारे ३२ पटींचा, म्हणजे किल्लारीच्या दुपटीहून अधिक ऊर्जा तिथे मुक्त झाली, तीही दाट वस्तीच्या शहरात, लोक झोपेत असताना. बळी गेले साठाच्या आसपास. तिथली बहुतेक घरे हलक्या लाकडी सांगाड्याची होती. त्या साठांतही १६ जण एकाच निवासी इमारतीत दगावले, जिचा तळमजला कमजोर होता.

दुसरा आक्षेप भूगर्भाचा. नाभी इतकी उथळ आणि गावे इतकी जवळ असतील तर कोणतीही बांधणी काय करणार? याचे उत्तर उभ्या राहिलेल्या खांबांच्या घरांनी आणि झोपड्यांनी त्याच पहाटे देऊन ठेवले आहे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आणि सहानुभूतीचा आहे : गरिबीने ही माणसे मारली. जगभरच्या भूकंपांचा इतिहास पाहिला तर या म्हणण्यात तथ्य आहे. किल्लारीत मात्र ते जसेच्या तसे लागू पडत नाही. जाड भिंत आणि जड माळवद ही ऐपतीची खूण होती. झोपडी ही गरिबीची. इथे सुस्थितीतल्या शेतकऱ्याचे घर त्याच्यावर पडले आणि भूमिहीनाचे छप्पर टिकले. म्हणजे पैसा होता, दगड होता, कष्टही होते. नव्हते ते ज्ञान. आणि ते देशात कुठेच नव्हते असेही नाही. दगडमातीच्या कमजोर बांधकामाला भूकंपात तग धरायला लावण्याची मार्गदर्शक तत्त्वे भारतीय मानक ब्युरोने १९९३ साली प्रसिद्ध केली, पण त्यांमागचे ज्ञान त्याआधीचे होते. आरपार दगड, कोपऱ्यांची गुंफण, भिंतीभोवती सलग आडवा पट्टा, छपरावरच्या मातीला कात्री, एवढेच त्यांचे सार. कोयनेनंतरच्या पाव शतकात हे चार नियम सातारा-लातूरच्या गवंड्यांच्या हाताला लागले असते, तर किल्लारीचा भूकंप टळला नसता, पण मृतांचा आकडा निश्चितच लहान झाला असता.

मदतकार्यातही बांधणीनेच अडथळा आणला. गल्ल्या दगडमातीने भरून गेल्यामुळे गाव कुठे संपते आणि रस्ता कुठे सुरू होतो ते कळेना. यंत्रे आत नेता येईनात. पावसाने चिखल केला. लष्कर, पोलिस, स्वयंसेवक आणि शेजारच्या गावांतली माणसे हातांनी ढिगारे उपसत राहिली. मृतांचे सामुदायिक दहन करावे लागले. मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी भूकंपग्रस्त भागात पोहोचले, आणि त्या काळातल्या प्रशासनाच्या वेगाचे श्रेय निःसंकोच द्यायला हवे. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी पुण्यात उचलली.

पुनर्वसनाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा ठरला. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने मोठा कार्यक्रम आखला गेला. ५२ गावे नव्या जागी वसवायची, आणि कमी हानी झालेल्या शेकडो गावांतली सुमारे दोन लाख घरे दुरुस्त किंवा भक्कम करायची, असे त्याचे दोन मुख्य भाग. नव्या गावांत घराचा आकार जमिनीवरून ठरला : भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. दगडाची धास्ती घेतलेल्या लोकांना सिमेंट-काँक्रीट हवे होते आणि ते मिळाले. पण ठेकेदारांनी बांधलेल्या, रुंद रस्त्यांच्या, चौकटीत आखलेल्या या गावांत शेत लांब गेले, जनावरांची जागा आक्रसली, शेजार विखुरला. पुढे कुटुंबे वाढली तशी काही ठिकाणी जुन्या गावचे दगड आणून पूर्वीच्याच पद्धतीने वाढीव भिंती उभ्या राहिल्या. दुरुस्तीच्या भागात मात्र वेगळे घडले. तिथे पैसे टप्प्याटप्प्याने घरमालकाच्या हाती गेले आणि काम त्याने करून घ्यायचे होते. स्वयं शिक्षण प्रयोगसारख्या संस्थांच्या साथीने गावोगावच्या महिला संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. भिंतीत काय घालायचे, कशासाठी घालायचे, हे त्यांनी समजून घेतले आणि समजावले. घर बांधून देण्यापेक्षा बांधण्याची समज देणे अधिक टिकते, हे या तुलनेतून दिसते. अर्थात सपाट झालेल्या गावात, मृतांच्या ढिगाऱ्यावर पुन्हा घर बांधा असे कोणाला सांगणे अवघडच होते, म्हणून स्थलांतराचा निर्णय सरसकट चूक ठरवता येत नाही. त्याचे प्रमाण आणि पद्धत यांवर मात्र टीका झाली, आणि ती रास्त होती.

किल्लारीचा परिणाम देशभर झाला. जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखड्यांचे काम महाराष्ट्रात याच कार्यक्रमातून आकाराला आले. २००२च्या सुधारित नकाशात पहिले क्षेत्र रद्दच झाले. भारतात आता ‘धोका नाही’ म्हणावे असे क्षेत्र उरले नाही, आणि लातूर तिसऱ्या क्षेत्रात गेले. पण त्याआधीच, २६ जानेवारी २००१ रोजी, भूजच्या ७.७ तीव्रतेच्या भूकंपाने १३ हजारांहून अधिक बळी घेतले होते. त्यात अपिकेंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत सिमेंट-काँक्रीटच्या बहुमजली इमारती पडल्या. तळमजला गाड्यांसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर. वर सगळा भार. दगडाला दोष देऊन काँक्रीटवर भरवसा टाकणाऱ्यांना हे उत्तर होते. काँक्रीट असो वा दगड, भिंती, खांब आणि छप्पर एकमेकांना घट्ट बांधलेले नसतील तर आडव्या धक्क्यापुढे दोन्ही सारखेच. २००५मध्ये देशाला आपत्ती व्यवस्थापन कायदा मिळाला, त्यामागे या सगळ्या घटनांचे वजन होते.

कोयना धरण टिकले, कारण ते बांधणाऱ्यांनी जोर कमी धरला असला तरी हिशेब केला होता, आणि भेगा दिसताच ते दुरुस्त झाले. खेड्यातल्या घराचा हिशेब मात्र कोणी केला नाही, कारण ते सार्वजनिक बांधकाम नव्हते. आजही महाराष्ट्राच्या शहरांत मोकळ्या तळमजल्यांवर इमारती चढतात आणि खेड्यांत वाढीव खोल्या जमेल तशा उभ्या राहतात. त्यांच्या परवानगीच्या कागदावर भूकंपक्षेत्राचा आकडा असतो; भिंतीत पट्टा आहे की नाही, सळईला वळण दिले की नाही, हे पाहायला कोणी जातेच असे नाही. शाळेतल्या विद्यार्थ्याने भूकंपाच्या धड्यात भूपट्ट, नाभी आणि लहरी शिकायलाच हव्यात, कारण धक्का का बसतो ते त्यावाचून कळणार नाही. पण त्या धड्याचा दुसरा अर्धा भाग त्याच्या स्वतःच्या घराच्या कोपऱ्यात, छपरात आणि तळमजल्यात आहे, आणि तो तपासणे माणसाच्या हातात आहे. कोयनेनंतर हा अर्धा भाग वगळला गेला आणि त्याची किंमत तेरणाकाठच्या हजारो माणसांनी चुकवली.